उघडं बी

स्नॅपड्रॅगनचं बी मातीत पुरायचं नसतं. ओल्या मातीवर नुसतं टाकायचं, तळहातानं हलकं दाबायचं आणि तसंच उघडं ठेवायचं. उगवायला त्याला उजेड लागतो. पाकिटावर हे बारीक इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं होतं आणि मी ते दोनदा वाचलं होतं. घरातल्या ज्या माणसाला ते सांगायला हवं होतं, त्याला मात्र सांगितलं नाही. बी आणि माती यांच्याबद्दल त्या माणसाला काही सांगावं लागेल, असं माझ्या मनातच आलं नाही.

तो माणूस म्हणजे माझे वडील. आम्ही त्यांना नाना म्हणतो. सटाण्याजवळ नामपूरला आमचं घर आहे, थोडी कांद्याची जमीन आहे. ती आता वाट्यानं दिलेली असते. पण नानांची ओळख त्या जमिनीमुळे नव्हती. रोप तयार करण्यासाठी कांद्याचं बी पेरतात, त्याला आमच्याकडे उळं टाकणं म्हणतात. ते काम ज्याला नीट जमत नसे तो नानांना बोलावून नेई. त्यांनी टाकलेलं उळं विरळ-दाट होत नसे. हात फिरवला की बी सारखं पडे, मग वरून चाळलेल्या शेणखताचा पातळ थर, मग झारीनं पाणी. शाळा त्यांची चौथीपर्यंतच झाली.

मी मात्र शिकले. सटाण्याला कॉलेजात जाणारी आमच्या घरातली मी पहिली. कांद्याची लागवड आणि माझी परीक्षा नेहमी एकाच वेळी यायची. लागवडीला प्रत्येक बाई आपापली पात धरते, म्हणजे आपल्या वाट्याची ओळ. मी घरी पुस्तक घेऊन बसले की माझी पात रिकामी राहायची. ती नाना धरायचे. पुरुषांनी वाफे बांधायचे, पाणी द्यायचं, लागवड बायकांनी करायची अशी तिथली रीत. नाना बायकांच्या रांगेत बसून रोपं खोचायचे आणि बायका त्यांची थट्टा करायच्या. ते मला कोणी सांगितलं नव्हतं. नोकरी लागल्यावर, पेढे वाटताना, एका शेजारणीनं सांगितलं.

आता मी नाशकात एका सरकारी कार्यालयात काम करते. इंदिरानगरला आमचं छोटं रो हाउस आहे, पुढे चार कुंड्या मावतील एवढा ओटा आणि मागे दोन हात माती. दर हिवाळ्यात मी नर्सरीतून स्नॅपड्रॅगनची तयार रोपं आणायची. नर्सरीवाले त्याला डॉग फ्लॉवर म्हणतात. फुलाच्या दोन्ही बाजू बोटांनी दाबल्या की ते तोंड उघडतं, म्हणून. एकदा पिशवीतून रोपं काढताना मलाच लाज वाटली. उळं टाकणाऱ्याची मुलगी आणि रोप विकत आणते. म्हणून त्या वर्षी बी आणलं.

त्याच वर्षी नानांच्या मोतीबिंदूची ऑपरेशनं होती. नवरात्रानंतर एक डोळा, मग महिन्यानं दुसरा. आई जाऊन चार वर्षं झालेली, भाऊ नाही, म्हणून ते माझ्याकडे आले. आमच्याकडे बाप लेकीच्या घरी मुक्काम करत नाही. जुनी माणसं तर लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पीत नसत. नाना इतके कडक नव्हते, पण अवघडलेले असायचे. दुसऱ्या पोळीला नको म्हणायचे. माझा नवरा खोलीत आला की खुर्चीतून उठायचे.

"नाना, बसा हो. तुमचंच घर आहे," नवरा म्हणायचा.

"हाव, हाव," म्हणत ते उभेच राहायचे.

रोज सकाळी डोळ्यात थेंब घालताना विचारायचे, "डॉक्टर कधी सोडस?" मी त्यांना कायमचं ठेवून घ्यायचं मनाशी ठरवलं होतं. एकट्या माणसानं त्या घरात चूल पेटवायची, आजारी पडलं तर शेजाऱ्यांनी फोन करायचा, हे मला सहन होत नव्हतं. ज्यांनी माझी पात धरली त्यांना म्हातारपणी एकटं ठेवून मी इथं कसली साहेबीण? पण हे बोलून दाखवलं की ते विषय बदलायचे. "उळं टाकाना टाइम शे," म्हणायचे. गावाकडून फोनही यायचे, नाना कधी येता म्हणून.

दिवाळीच्या आधी मी पहिला ट्रे पेरला. बी म्हणजे नुसती काळी तपकीर, श्वास लागला तर उडेल एवढी. पंधरा दिवस थांबले, अठरा थांबले. काही नाही. पाकीट जुनं असेल म्हणून दुसरं आणलं. दिवाळीनंतर दुसरा ट्रे. त्यातही काही नाही. नवरा निफाडकडचा, द्राक्षवाल्यांच्या घरातला. त्याला आयतीच संधी मिळाली. "कांदेवाल्यांची मुलगी आणि बी उगवत नाही? सासरेबुवांना तोंड कसं दाखवणार?"

नाना तिथंच बसलेले होते. त्यांचा चेहरा उतरला. मला वाटलं, त्यांना माझी कीव आली.

त्याच सुमारास माझ्या चहाच्या गाळणीत माती सापडली. एकदा घासली, चार दिवसांनी पुन्हा तेच. मी नवऱ्यावर डाफरले. तो म्हणाला, "मी चहा पितो, गाळत नाही."

नोव्हेंबरच्या शेवटी मी तिसरा ट्रे पेरला. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घ्यायला दार उघडलं तर नाना ओट्यावर उकिडवे बसलेले. डोळ्यांना ऑपरेशनचा काळा चष्मा, एका हातात माझी गाळणी, दुसऱ्या हातात मूठभर माती. ते गाळणी हलकेच आपटत होते आणि ट्रेवर मातीचा थर पडत होता, अगदी सारखा, जसा उळ्यावर पडायचा तसा.

"नाना! काय करताय हे?"

ते दचकले. गाळणी पाठीमागे लपवली, लहान मुलासारखी.

"बी उघडं पडेल व्हतं, माय," ते हळूच म्हणाले. "म्हटलं, ऑफिसनी घाईमा इसरी गयी व्हशी. जावईबापूंनी पाहिलं तर काय म्हनतीन?"

"आधीच्या दोन्ही ट्रेवर पण तुम्हीच टाकली माती?"

"दोन्ही येळेस इसरनी तू!" आता त्यांचा आवाज जरा चढला. माझ्या विसरभोळेपणाचा राग त्यांनी दीड महिना गिळून ठेवला होता.

मला हसू आलं आणि त्याहून जास्त राग आला. डॉक्टरांनी वाकू नका, धुळीत हात घालू नका असं बजावून सांगितलं होतं. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन पंधरवडाही झाला नव्हता. "डोळ्यात माती गेली असती म्हणजे? आणि ते बी झाकायचं नसतं, नाना. उघडंच ठेवायचं असतं. त्याला उजेड लागतो. तुम्ही माझे दोन ट्रे वाया घालवलेत," मी बोलून गेले.

बोलून गेले आणि त्यांच्याकडे पाहिलं. ज्यांच्या हातचं उळं तालुक्यात कधी वाया गेलं नाही, त्यांना मी हे म्हणाले होते. त्यांनी गाळणी धुतली, जागेवर ठेवली आणि आत जाऊन पिशवी भरायला घेतली.

मी दारात उभी राहिले. माफी मागितली तर ते "तसं काही नाही" म्हणतील आणि पुढच्या गाडीनं जातील, हे मला ठाऊक होतं. नानांना समजावून थांबवता येत नाही. त्यांना फक्त वाद घालून थांबवता येतं.

"तुम्हाला पटत नाही ना, बी उजेडात उगवतं म्हणून?" मी विचारलं.

धोतराची घडी घालता घालता ते म्हणाले, "कोंबडं शे का ते, उजेड पाहीसन उठाले?"

"मग लावा शर्त. दोन ट्रे करू. एक माझा उघडा, एक तुमचा झाकलेला. तुमचं रोप झालं तर मीच तुम्हाला गाडीत बसवून देईन, एक शब्द बोलणार नाही. माझं झालं तर फुलं येईपर्यंत इथंच राहायचं."

त्यांनी घडी तशीच धरून ठेवली. मग म्हणाले, "उगवलं म्हंजे झालं नही. लावणीजोगं रोप झालं पाहिजे."

"चालेल."

"मंग माती चाळ. माले वाकता येत नही म्हनं."

त्या दिवसापासून ओट्यावर दोन ट्रे शेजारी शेजारी. नाना सकाळ-संध्याकाळ स्टुलावर बसून त्यांच्याकडे पाहायचे. पाणी मी द्यायची, दोन्हीकडे सारखं दिलं की नाही हे ते बघायचे. माझ्या ट्रेवर मी प्लास्टिक ताणून बसवलं होतं, ओल टिकावी म्हणून. त्यांना त्यांच्या ट्रेवर प्लास्टिक नको होतं. नवरा रोज ऑफिसला निघताना निकाल विचारायचा, "काय नाना, उळं की इंग्लिश?" नाना पहिल्यांदाच त्याच्यासमोर बसल्या बसल्या उत्तर द्यायला लागले. "थांबा जावईबापू, द्राक्षासारखी घाई नका करू."

दहाव्या दिवशी माझ्या ट्रेवर हिरवी बुरशी आल्यासारखं दिसलं. जवळून पाहिलं तर ती रोपं होती, टाचणीच्या टोकाएवढी, शेकड्यांनी. त्यांच्या ट्रेमध्ये काहीच नव्हतं. नंतर त्यात तीन उगवली, वाकडी आणि पिवळी.

मी ट्रे त्यांच्यासमोर धरला. नव्या डोळ्यांनी त्यांनी बराच वेळ पाहिलं. "शेत रे बाप्पा," एवढंच म्हणाले, म्हणजे आहेत. रोपांकडे दाखवताना त्यांनी बोट मुडपलं होतं. कोवळ्या रोपाला, कोवळ्या फळाला सरळ बोट दाखवलं की ते कुजतं, असं आमच्याकडे मानतात.

त्यानंतरच्या आठवड्यात मला दोन दिवस ऑफिसच्या कामासाठी बाहेरगावी जावं लागलं. जाताना मी ट्रेला भरपूर पाणी घातलं आणि प्लास्टिक घट्ट बसवलं. माझी काळजी म्हणजे तेवढीच होती.

परत आले तर ट्रे ओट्यावर नव्हता. मागच्या दोन हात मातीपाशी, कोवळ्या उन्हात, विटेवर ठेवलेला. प्लास्टिक काढून टाकलेलं. निम्म्याहून जास्त रोपं गेलेली होती. उरलेल्यांच्या मुळाशी कोरडी बारीक वाळू पसरलेली होती.

"मर लागनी व्हती," नाना म्हणाले. ही मर कांद्याच्या रोपालाही लागते. बुडाशी सडून रोप आडवं होतं आणि एका रात्रीत वाफा बसतो. "तू पाणी लई घालस. वारं नही लागू देत."

पुढचं मला नवऱ्यानं सांगितलं. सकाळी ट्रेमधला एक कोपरा आडवा पडलेला नानांना दिसला. त्यांनी प्लास्टिक काढलं. चमच्यानं मेलेली रोपं मातीसकट खरवडून टाकली, पलीकडच्या बांधकामावर जाऊन मूठभर वाळू मागून आणली आणि ती सुकवून रोपांभोवती भुरभुरली. दोन दिवस वरून थेंबभर पाणी घातलं नाही. ट्रे परातीत ठेवून खालून ओल दिली. नवरा म्हणाला, "मी म्हटलं त्यांना, नाना, हात लावू नका, आपोआप जिंकताय तुम्ही. तर माझ्यावरच खेकसले."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, रोप मरस आन तुम्ही शर्त करतस?"

सासऱ्याचं खेकसणं सांगताना नवरा खूश होता. अडीच महिन्यांत पहिल्यांदा ते त्याच्याशी पाहुण्यासारखं वागले नव्हते.

पंचेचाळीस रोपं लावणीला निघाली. नाना हरले आणि राहिले. शेवटची तपासणी झाली, डॉक्टरांनी सोडलं, तरी गावाला जायचं नाव त्यांनी काढलं नाही. शब्द दिला होता. रोपं चार बोटं झाली तेव्हा नवऱ्यानं त्यांचे शेंडे खुडायला सांगितले. द्राक्षाच्या माणसाला शेंडा मारायची सवय असते. चांगल्या चाललेल्या रोपाचं डोकं मोडायचं, हे नानांना अजिबात रुचलं नाही. ते आत जाऊन बसले. पण दोन आठवड्यांनी प्रत्येक रोपाला चार-चार फांद्या फुटल्या तेव्हा बाहेर येऊन म्हणाले, "जावईबापूंना कळस थोडं."

पोळी ते आता मागून घेत. कॉलनीतल्या बागेत त्यांना दोन निफाडकडचे म्हातारे मित्र मिळाले. कांदा जास्त कष्टाचा की द्राक्ष, यावर त्यांचं रोज भांडण. मला वाटलं, झालं, आपण जिंकलो.

होळीच्या सुमारास फुलं आली. आधी गुलाबी, मग पिवळी, मग एक गडद लाल, जवळजवळ काळा. मी नानांना फूल कसं दाबायचं ते दाखवलं. त्यांच्या जाड बोटांत पहिलं फूल चिरडलं. दुसऱ्याचं तोंड उघडलं, मिटलं. त्यांनी ते चार-पाच वेळा केलं.

"याचं खायचं काय?" त्यांनी विचारलं.

"काही नाही, नाना. नुसतं बघायचं."

"मंग बरं शे," ते म्हणाले आणि मग त्याच सुरात, "पाडवा झाला की मी जास."

मला वाईट वाटलं, रागही आला. मी म्हटलं, काय कमी आहे इथं? कोणी काही बोललं का? लेकीच्या घरी राहायची लाज आजकाल कोण बाळगतं? मी शिकले ती तुमच्यामुळे, हे घर झालं ते तुमच्यामुळे, मग इथं तुमचा हक्क नाही का? मी बरंच बोलले. ऑफिसात बोलते तसं मुद्देसूद बोलले.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मी आठेच ऱ्हायनू तं तुन्हं माहेर कोठे?"

ते इथंच राहिले तर माझं माहेर कुठं, हा मुद्दा माझ्या यादीत नव्हता.

"घराले कुलूप लागनं, मंग आखाजीले तू कोनाकडे येशी?"

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या बागलाणात, खानदेशात हा लेकींचा सण. लग्न झालेल्या मुली माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात, खापरावरची पुरणपोळी खातात. त्या दिवसांत लेकीनं माहेरी कामाला हात लावायचा नसतो. आई होती तोवर मी जायची. आई गेल्यावर गेले नाही. आई गेली की माहेर संपतं, असं सगळ्याच बायका म्हणतात आणि मीही तसंच मानलं होतं. वर्षातून दोनदा जायची ती नानांची औषधं, किराणा घेऊन. सकाळी जाऊन संध्याकाळी परत.

"आखाजीला मी आलेच कुठं, नाना? चार वर्षं झाली," मी म्हटलं.

"म्हाईत शे," ते म्हणाले. "दरसाल दाळ आनी ठेवस मी. शेजारनीले सांगी ठेवस, आंडेर उनी तर मांडे करी देजो. नही उनी तर तिलेच दाळ दी टाकस."

चार वर्षं ते डाळ आणून ठेवत होते, लेक आली तर शेजारीण पोळ्या करून देणार म्हणून. मी आले नाही की डाळ शेजारणीला. मला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. फोनवर मी प्रत्येक आखाजीला "जेवलात का?" विचारायची आणि ते "हाव, जेवनू" म्हणायचे. मी त्यांना माझ्या घरी आणायच्या खटपटीत होते, उपकार फेडायच्या घाईत होते. ते मात्र तिथं माझ्यासाठी घर उघडं ठेवून बसले होते, आणि मी त्या घराला म्हाताऱ्या माणसाचा एकटेपणा एवढंच समजत होते.

"मग तुम्ही आजारी पडलात तर?" मी शेवटचा मुद्दा काढला, पण त्यात जोर राहिला नव्हता.

"पडनू तर येसू. आते माले तुन्हं घर म्हाईत शे."

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांना सटाण्याच्या गाडीत बसवून दिलं. ड्रायव्हर अजून आला नव्हता, तरी ते पिशवी मांडीवर घट्ट धरून बसले होते.

आखाजीला मी चार दिवसांची रजा टाकली. साहेबांनी कारण विचारलं तेव्हा "माहेरी जायचंय" म्हटलं. माझे पिकलेले केस पाहून ते जरा हसले, पण सही केली. नामपूरला उतरून घराकडे चालत गेले तेव्हा उन्हं उतरायला आली होती. शेजारीण आपल्या ओट्यावर खापर घासत बसली होती. तिनं मला आधी पाहिलं.

"काय वं, यंदा वाट चुकनी का?" तिनं जोरात विचारलं.

"चुकले होते खरी," मी म्हटलं.

"मंग आते बस गप. कामले हात लावशी तर देख," तिनं दम दिला आणि खापर उचलून आत गेली.

दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या बायकांनी मला ओढून झोक्यावर बसवलं. कडुलिंबाच्या फांदीला दोर बांधला होता. सगळ्यांत जाड मीच, फांदी करकरली आणि सगळ्या हसल्या. गाण्याच्या ओळी मला आठवेनात. पुढची म्हणाली की मी मागून म्हणत होते. नाना आमच्या ओट्यावर, स्वच्छ टोपी घालून बसले होते. रस्त्यानं कोणी बैलगाडी घेऊन जात होतं, कोणी पिंप भरून पाणी आणत होतं. त्यांना कोणी काही विचारत नव्हतं. तरी प्रत्येकाला थांबवून ते सांगत होते, "आंडेर येल शे. नाशिकवरतून. चार दिन ऱ्हाई."